रेशमी ट्वीटर

महेंद्रने बोट लावलंच.

स्पीकरच्या पेटीत खाली मोठा तबकडीसारखा स्पीकर असतो, तो ढोलाचं काम करतो, आणि वर असतो छोटा ट्वीटर. बारीकसारीक आवाज त्याच्याकडे: टाळ, बांगड्या, माणसाचा श्वास. बाळारामच्या ट्वीटरच्या मधोमध रुपयाएवढा रेशमाचा घुमट होता, आणि असा घुमट समोर दिसला की माणसाचं बोट तिकडे जातंच. आजवर गॅसवाल्याचं गेलं होतं, ग्रामसेवकाचं गेलं होतं. कल्याणहून पाहुणे म्हणून आलेल्या एका डॉक्टरांनी तर दोन्ही घुमट दाबून ‘नाजूक आहेत’ असं निदान केलं होतं.

“मामा, आत गेला ह्यो,” महेंद्र म्हणाला. घुमट जणू स्वतःच्या मर्जीने आत गेला होता.

बाळाराम पेटीपाशी वाकला. त्याने चिकटपट्टीचा तुकडा तोडला, घुमटावर अलगद टेकवला आणि जखमेवरची पट्टी काढावी तसा श्वास रोखून ओढला. घुमट वर आला. मग त्याने चष्मा कपाळावर ढकलून त्यावर हलकी फुंकर मारली, ती धूळ उडवायला की दुखणं कमी करायला, हे सांगणं कठीण.

महेंद्र त्याच्या बहिणीचा मुलगा. आठवडाभर ठाण्याला नोकरीला जायचा आणि लग्नसराईत डीजे चालवायचा. त्याच्या डीजेच्या पेट्या टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागत आणि त्या वाजायला लागल्या की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नसत. असा दणदणाट जगात असताना मामाने दोन पेट्यांपायी तीन वर्षं घालवावीत हे त्याला पटत नव्हतं. तेही नुसत्या ट्वीटरपायी. पेट्या कधीच्याच तयार होत्या. गुरं विकल्यावर गोठ्याचं सागवानी दार मोकळं पडलं होतं, त्याच्याच फळ्या कापून केल्या होत्या, आणि पावसाळ्यात अजून त्यांना शेणाचा किंचित वास येई.

“मामा, ट्वीटर म्हंजे ट्वीटर,” महेंद्र म्हणाला. “म्हशाच्या जत्रेत बैल घेतात ना, त्याला पन एवढा टाइम नाय लावत कोन.”

“बैल चुकला तर विकता येतो,” बाळाराम म्हणाला.

बाळाराम भातसानगरला धरणावर वायरमन होता, आता निवृत्त. धरणाचं पाणी मुंबईला जातं, मग मुंबईहून इकडे काय येतं, असं कोणी विचारलं तर तो गंभीरपणे सांगे, ट्वीटर. तरुणपणी एकदा तो कॉलनीत एका इंजिनिअरसाहेबांच्या क्वार्टरमध्ये पंखा दुरुस्त करायला गेला होता. साहेब खुर्चीत डोळे मिटून बसलेले, समोर दोन पेट्या, त्यातून बासरी येत होती. बासरी बाळारामने खूप ऐकली होती. पण इथे मधेच सूर थांबला आणि वाजवणाऱ्याने श्वास घेतला. बाळारामने मागे वळून पाहिलं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तो शिडीवरच उभा राहिला, किती वेळ ते त्यालाही ठाऊक नाही, आणि पंखा तसाच सोडून घरी आला. तो पंखा पुढे साहेबांची बदली होईपर्यंत फिरला नाही असं म्हणतात.

तेव्हापासून हा माणूस जरा अर्धा तिकडेच असे. भात झोडताना, वायर ओढताना, भावकीच्या बैठकीत, कुठेही तो मधेच थांबून मान तिरकी करी. त्याची बायको भागीरथी म्हणायची, “तुमाला दुनियेचं ऐकू येतं, घरातलं तेवढं नाय.” ती दोन वर्षांपूर्वी गेली. पेट्यांना तेव्हा एकच हात पॉलिश झालं होतं.

आणि आता मुलीचं, समीक्षाचं लग्न ठरलं होतं. समीक्षा शहापूरला पतपेढीत कामाला होती, हिशोबाने चालणारी, स्वप्नबिप्न न बघणारी. तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली, तीही जेवताना, ताटाकडे बघत.

“पप्पा, धवल्यात मम्मीचं नाव नीट ऐकू येईल ना?”

त्या भागात मांडवाच्या दिवशी हळद लावण्याआधी धवला म्हणतात. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. ती आधी देवांना बोलावते, मग गावदेवीला, शिवेवरच्या रखवालदाराला, आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन: या, मांडवात बसा, पोरीला हळद लागते आहे. ज्याचं नाव राहिलं तो म्हणे मांडवाबाहेर रुसून उभा राहतो. आजूबाजूच्या गावांत आता एकच धवलारीण उरली होती, ठमीआत्या; तिच्या ओळींचं टोक झेलून मागे म्हणायला दोन बायका असत. तिच्या तोंडात दात मोजकेच होते, आवाज काडीसारखा बारीक झाला होता आणि मांडवाच्या बांबूला बांधलेल्या भोंग्यातून तो नुसता ‘ऊंऽऊंऽ’ असा येई. कोणाची तक्रार नव्हती. धवला सुरू झाला की पुरुषमंडळी आदराने माना खाली घालत. आदर असला की ऐकावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

“ऐकू येईल म्हंजे?” बाळाराम समीक्षाला म्हणाला. “तुझी आई वळून बघेल.”

तेव्हापासून ट्वीटर निवडायचं काम नावावर चालू झालं. जोड्या तीन होत्या. एक अ‍ॅल्युमिनियमच्या घुमटांची, एक रेशमी, आणि तिसरी प्लास्टिकच्या घुमटांची. ही तिसरी त्याने घेतली नव्हती. नारळावर दोन फुलं द्यावीत तशी दुकानदाराने वर घातली होती. संध्याकाळी समीक्षा कामावरून आली की बाळाराम तिला आतल्या खोलीत माइकसमोर उभं करी आणि स्वतः ओटीवर पेट्यांसमोर बसे.

“बोल.”

“भागीरथी,” समीक्षा म्हणे.

अ‍ॅल्युमिनियममधून भागीरथी आली ती भांड्यांच्या मांडणीवर धक्का लागावा तशी. ‘थ’ तर असा उडाला की बाळारामने डोळे गच्च मिटले. प्लास्टिकमधून नाव येतच नव्हतं, नुसता सूर येई. अक्षरं वाटेत विरघळत आणि गोधडीखालून कोणी कण्हावं तसं काहीतरी पोचे. मग त्याने रेशमी लावले. ‘भ’ आला तो तोंडाजवळ हात धरला तर वाफ लागावी असा, आणि ‘थ’ नुसता सुटला, शेवरीचा कापूस वाऱ्यावर निघावा तसा, ओटीवरून अंगणात गेला आणि तिथे रेंगाळला. बाळाराम अंगणाकडे बघत राहिला. आतून समीक्षाने पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. तिन्हीसांजेची वेळ, कोणाच्या तरी चुलीचा धूर आंब्याखाली साचलेला, आणि गाव ऐकत होतं: बाळारामच्या घरातून भागीरथीला हाका चालल्या आहेत.

चार-पाच दिवस असंच चाललं. खरं तर ट्वीटर पहिल्याच संध्याकाळी ठरला होता. पण हे बाळारामने कोणाला सांगितलं नाही.

मांडवाच्या आधी दोन दिवस त्याने ठमीआत्याला दुपारी घरी बोलावलं. ती काठी टेकत आली, ओटीवर पाय पसरून बसली, पाणी प्यायली, गूळ खाल्ला आणि पेट्यांकडे बघून म्हणाली, “ही रं कसली देवळं दोन?”

तिनेही बोट लावलं, पण फक्त टेकवलं. “मऊ हाय,” म्हणाली. “पिल्लाच्या पोटागत.”

बाळारामने माइक तिच्या तोंडाशी धरायचं कारण आणि कसं बोलायचं ते समजावलं. तिने ते ऐकून घेतलं आणि काही न मानता आपल्या पद्धतीने, डोळे मिटून, मांडीवर हळूच थाप देत सुरू केलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. समीक्षा कामावर गेली होती. अंगणात ऊन पांढरं झालं होतं आणि झाडावर एक पान हलत नव्हतं.

बाळारामने आजवर तिचा धवला बहुतेक प्रत्येक लग्नात ऐकला होता, म्हणजे त्याच्या वेळी मान खाली घालून बसला होता. आज पहिल्यांदा तो धवला अक्षरांसकट आला. देव आले. गावदेवी आली. ठमीआत्याचा श्वास आला, तिच्या उरल्यासुरल्या दातांवरून निसटणारी वाऱ्याची बारीक शीळ आली, मांडीवरच्या थापेखाली लुगड्याचं सुती कापड सरकलं तेही आलं. बाळारामला वाटलं, तो पुन्हा त्या शिडीवर उभा आहे.

मग घरातली माणसं आली. आत्याने सुराला वर एक हेलकावा दिला आणि बोलावलं, “ये रे गणू, मांडवात बस.”

बाळारामने मान तिरकी केली.

“ये गो चिमी, मांडवात बस. या वं गणूच्या बापा, मांडवात बसा.” आणि पुन्हा तेच, पुन्हा तोच हेलकावा, गणू, चिमी, गणूचा बाप. नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नव्हती. बाळारामच्या घरात गणू नावाचं कोणी नव्हतं. चिमीही नव्हती. गणू हा ठमीआत्याचा एकुलता मुलगा. कसाऱ्याच्या घाटात रस्त्याच्या कामावर होता, त्याला मुली बघणं चालू होतं, आणि एका सकाळी कामावर गेलेला तो संध्याकाळी चादरीत घरी आला. ह्या गोष्टीला वीस वर्षं तरी झाली. चिमी तिची बहीण, ती त्याच्याही आधी गेलेली, बिनलग्नाची.

धवला संपला. पेट्या गप्प झाल्या.

बाळाराम आजोबांचं नाव का आलं नाही, इथून सुरुवात करणार होता, ते रीतीला धरून झालं असतं. पण तोंडातून निघालं ते, “आत्ये, भागीचं नाव नाय आलं.”

ठमीआत्याने डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे.

“ऐकलंस व्हय,” ती म्हणाली. “यांनी सांगितलं. भोंगा कदी चाडी नाय करायचा.”

“आज्याचं पन नाय आलं.”

“नाय आलं.”

ती बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिली. मग बोलली ती भांडल्यासारखी नाही, हिशोब समजावल्यासारखी.

“तुमची मानसं घरचीच रं. घरात लगीन हाय म्हनल्यावर ती येनारच, त्यांना आवतन कशाला? भागी काय पोरीच्या हळदीला माझ्या हाकेची वाट बघत थांबलीय? पन माझ्या घरात लगीन व्हायचं नाय, बाळ्या. आता कदीच नाय. मग माझ्या गणूला कोन बोलावनार? म्हनून नेते बरोबर. बसतो एका कोपऱ्यात. कोनाचं काय खात नाय.”

बाळारामने विचारलं, तुझ्याबरोबर धवला झेलणाऱ्या त्या दोघी, त्यांना हे ठाऊक आहे का.

“त्या बायका हायत,” आत्या म्हणाली. त्याहून जास्त उत्तराची तिला गरज वाटली नाही. मग काठीवर भार देऊन उठता उठता म्हणाली, “पुरुष मानसांनी ऐकलं तर तुझी भावकी मला उंबऱ्यात उभी करायची नाय, ते मला कळतं. नको असंल तर आत्ताच सांग. मी येनार नाय. पोरीच्या कामात खोट नको.”

अंगणात ऊन तसंच होतं. बाळारामने माइक हातात घेतला, त्यावरची नसलेली धूळ पुसली आणि म्हणाला, “अजून ट्वीटर ठरायचा हाय, आत्ये.”

ती गेल्यावर तो तिथेच लवंडला. झोप होती की नव्हती कोण जाणे, पण डोळ्यांपुढे एकामागून एक मांडव येत राहिले, आजूबाजूच्या गावांतले, वीस वर्षांतले, आंब्याच्या पानांचे, मग पताकांचे, मग झिरमिळ्या दिव्यांचे. नवऱ्या बदलत होत्या, जेवणातला पदार्थ बदलत होता, आणि प्रत्येक मांडवाच्या कोपऱ्यात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बाह्या दुमडलेल्या शर्टात बसला होता, दुसऱ्याची लग्नं बघत. त्याचं वय वाढत नव्हतं. शेजारी चिमी. पलीकडे ज्याचं नाव कोणी घेत नाही तो बाप. कोणीही पत्रावळ पुढे ओढत नव्हतं. बाळाराम त्यांच्यात भागीरथीला शोधत होता, पण ती दिसेना. ती आत असणार, त्याला वाटलं. घरातली बाई मांडवात कधी बसते? ती आत असते, चहाचं बघत.

मांडवाच्या दिवशी सकाळी, बायका आत हळदीची तयारी करत असताना, तो ओटीवर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला. रेशमी जोडी काढून त्याने फडक्यात ठेवली आणि प्लास्टिकची बसवायला घेतली. समीक्षा केस पुसत बाहेर आली. कोणती जोडी कशी दिसते हे तिला आता झोपेतही कळलं असतं.

“पप्पा, हे ते नाहीत.”

“नाहीत.”

“ह्यांच्यातून नाव नाय येत.”

“नाय येत.”

ती उभी राहिली. तिला राग आला होता, आणि हळदीच्या दिवशी रागवावं की नाही हे ठरत नव्हतं. “तुमी म्हनलेलात,” एवढंच म्हणाली.

बाळारामने तिला परवाच्या दुपारची गोष्ट सांगितली नाही. ती दुसऱ्याची होती. तो फक्त म्हणाला, “समी, तुझी आई घरची. तिच्या पोरीची हळद. तिला माइकवरनं हाक मारायची म्हंजे, पावनी झाली का ती?”

समीक्षाने बापाकडे पाहिलं. हा माणूस तीन वर्षं एका ‘थ’च्या मागे फिरला होता. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथून कपबशांचा आवाज येत होता. मग ती खाली बसली, उरलेले चार स्क्रू जमिनीवरून गोळा केले आणि तळहातावर त्याच्यापुढे धरले. एकेक करून तो उचलत गेला.

मांडव गच्च भरला. बाळारामच्या पेट्या ऐकायला भावकीच नव्हे, पलीकडच्या पाड्यावरची माणसंही आली होती. मुंगी चालली तरी ऐकू येईल, असं त्यानेच तीन वर्षं सांगत ठेवलं होतं. महेंद्र पुढेच उभा, हातात फोन, रेकॉर्डिंगला तयार. ठमीआत्या पाटावर बसली. तिने बाळारामकडे एकदा पाहिलं, त्याने माइक तिच्यापुढे सरकवला आणि मान हलवली. तिने डोळे मिटले.

पेट्यांमधून ‘ऊंऽऊंऽ’ असा आवाज निघाला.

पुरुषांनी सवयीने माना खाली घातल्या. काहींनी त्या पुन्हा वर केल्या आणि एकमेकांकडे पाहिलं. महेंद्रने फोन खिशात ठेवला, पेट्यांच्या मागून वाट काढत मामापाशी आला आणि वाकून, पण चारजणांना ऐकू जाईल इतपत, म्हणाला, “मामा, ह्यापेक्षा भोंगा बरा होता ना रे.”

“ट्वीटर चुकला,” बाळाराम म्हणाला.

“तीन वरसं निवडून?”

“तीन वर्षं निवडून.”

चारजण हसले. ते हसणं मांडवाच्या टोकापर्यंत गेलं आणि वाटेत मोठं झालं. बाळारामही थोडा हसला, कारण गंमत खरोखरच होती. पुढची काही वर्षं प्रत्येक लग्नात हे सांगितलं जाणार होतं, आणि कोणी सांगायचं विसरलं तर महेंद्र होताच. पाटावरच्या दोन बायका मात्र हसल्या नाहीत. त्या धवल्याचं शेवटचं टोक झेलत होत्या, एकीने पदर तोंडाला लावला होता.

बाळाराम पेटीशेजारच्या लाकडी बाकावर बसला होता. अक्षरं येत नव्हती. तशीच व्यवस्था त्याने केली होती. देव आले असावेत, गावदेवी आली असावी. भागीरथीला हाक गेली की नाही, आज म्हातारीने नेम मोडला की पाळला, हे पाटावरच्या त्या बायकांखेरीज आता ह्या जगात कोणालाच कळणार नव्हतं, त्यालाही नाही. पण सूर येत होता. आणि सुरात वर एक हेलकावा आला, तो त्याने ओळखला.

तो बाकावर थोडा सरकला. एकाची जागा झाली. मग त्याने अंदाज घेतला आणि पार कडेपर्यंत सरकला.

मांडवात उभं राहायलाही जागा नव्हती. महेंद्रला बाक रिकामा दिसला तसा तो टेकायला आला. बाळारामने फळीवर हात ठेवला.

“हितं नको रे,” तो म्हणाला. “तिकडं खुर्ची बघ.”

महेंद्रने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि खुर्ची शोधायला गेला.